हा काळा रंग माझा नाही

"बिब्बा घातलाय ना?"

डॉ. निमकरांनी हे खुर्चीत बसूनच विचारलं. मी तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून बसले होते, डाव्या पायाचा बूट आणि मोजा काढून टाच त्यांच्याकडे केली होती, आणि ते समोरच्या कागदावर माझं नाव लिहीत होते. धावत्या गाडीतून आपण एखाद्या दुकानाची पाटी बघतो, तेवढंच त्यांनी माझ्या टाचेकडे बघितलं.

"व्हय, म्याच घातला," माझ्याआधी आत्याबाईंनी सांगून टाकलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गयाबाई. नवरा वीज मंडळात लाईनमन, त्या दिवशी कुठल्या तरी खांबावर चढलेला, म्हणून सोबतीला त्या आल्या होत्या. "थंडीत हिच्या टाचा फुटल्या व्हत्या. बिब्बा दिव्यावर धरला अन् तेल सोडलं भेगांत."

"वाटलंच." डॉक्टर हसले. "अहो आजी, बिब्बा घालू नका म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला. कातडी भाजते त्यानं. हा भाजल्याचा काळा डाग आहे. मलम लिहून देतो, सकाळ-संध्याकाळ लावा. जाईल हळूहळू."

"रक्त येतं त्यातून," मी म्हणाले. "मोजा चिकटतो."

"नोकरी काय करता?"

"एसटीत कंडक्टर आहे."

"मग बरोबर. दिवसभर उभं राहायचं, बुटात घासायचं. रक्त येणारच."

त्यांनी चिठ्ठी पुढं केली. आत्याबाईंनी ती घेऊन पिशवीत टाकलीसुद्धा. मी टेबलावरून उतरले नाही.

"डॉक्टर, हा बिब्ब्याचा डाग नाही."

"मग कशाचा आहे?"

"ते मला कळलं असतं तर रजा टाकून तुमच्याकडे कशाला आले असते?"

डॉ. निमकर जिल्ह्यात हाताला गुण असलेले म्हणून नावाजलेले होते. त्यांना असं कुणी बोलत नसावं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी मनात होतं ते विचारून टाकलं. आमच्या डेपोच्या कॅन्टीनमध्ये आरोग्य खात्याची एक पाटी होती, कर्करोगाची लक्षणं सांगणारी. चहा पिताना रोज तोंडासमोर असायची. तीळ वाढला, त्याचा रंग बदलला, त्यातून रक्त आलं तर दाखवा, असं तिच्यावर लिहिलेलं. हे तसलं काही असू शकतं का?

"छे छे!" डॉक्टर म्हणाले. "कातडीचा तो कॅन्सर गोऱ्या लोकांचा आजार आहे, बाई. तिकडं समुद्राकाठी उघड्या अंगानं उन्हात लोळतात, त्यांचा. मी इतकी वर्षं इथं प्रॅक्टिस करतोय, एक पेशंट बघितला नाही. आणि तुमचा रंग तर..." ते क्षणभर शब्द शोधत थांबले. "तुमची त्वचा सावळी आहे. निसर्गानं दिलेली छत्रीच समजा ती."

मला आयुष्यात सावळी म्हणणारी माणसं दोनच प्रकारची भेटली. एक, ज्यांना मला काही विकायचं होतं. दुसरी, ज्यांना मला लवकर घालवायचं होतं.

"तळपायाला कुठलं आलंय ऊन, डॉक्टर?" मी म्हणाले. "तिथं छत्री घेऊन करायचं काय? आणि तळवे माझेही काळे नाहीत. हे बघा ना."

पण त्यांनी बेल वाजवली होती. पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला आणि एक गृहस्थ शर्टाची बटणं सोडतच आत आले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर आत्याबाईंनी पदराआड तोंड धरलं. हसत होत्या.

"चला," त्या म्हणाल्या, "तुझ्या रंगाचा येकदा तरी उपेग झाला की गं, काळे."

काळे. घरात मला द्वारका कुणी म्हणतच नसे. 'काळे, चहा टाक.' 'काळे, आज कुठली गाडी?' पोरांच्या बारशालासुद्धा पाहुण्यांसमोर 'आमची काळी'. आत्याबाई स्वतः माझ्याहून कणभर उजळ, पण त्या कणाचा त्यांना केवढा तोरा!

माझ्या रंगाची काळजी मी जन्मले तेव्हापासून सगळ्यांनी वाहिली. आईनं डाळीचं पीठ आणि साय चोळली. मावशीनं शहरातून गोरं करणारी ट्यूब आणली, ती संपली, मी होते तशीच राहिले. पिवळं नेसू नको, उन्हात जाऊ नको, फोटोत मधे उभी राहू नको. मग मी आरशात काय बघणार? रंगच. माझं कोपर किती काळं, गुडघा किती, मानेच्या मागं किती, उन्हाळ्यात कपाळ कुठवर उतरतं आणि दिवाळीला कुठवर परत येतं, हे मला पाठ होतं. एवढी वर्षं जगानं मला दुसरं काही बघूच दिलं नव्हतं.

आणि बघण्याचाच विषय निघाला आहे तर आत्याबाई मला बघायला आल्या तो दिवसही सांगते. त्याआधीच्या पाहुण्यांनी मला चालायला लावलं होतं, सुई ओवायला लावली होती, एकांनी तर वेणी सोडायला लावली होती. आत्याबाईंनी यातलं काही केलं नाही. चहा प्यायल्या, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पोरी, पाय धुवून ये."

मी पाय धुवून आले. त्यांनी मला ओसरीच्या कडेला बसवलं आणि माझ्या वडिलांच्या, काकांच्या, गावच्या चार माणसांच्या समोर माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पदरानं पुसला. बैलाचा खूर बघतात तसा उजेडाकडं वळवला. टाच अंगठ्यानं दाबली. मग दुसरा पाय. मी मान खाली घालून बसले होते आणि माझ्या कानातून वाफा निघत होत्या.

"तळवे तेवढे उजळ हायेत," शेवटी त्या म्हणाल्या. "टाचा बी फुटक्या न्हाईत. चालंल."

त्या 'चालंल'वर माझं लग्न ठरलं. पुढं पोरं झाली, शाळेत जायला लागली. मी कंडक्टरच्या नोकरीला अर्ज केला तेव्हा घरात एकट्या आत्याबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या तिला, पोरं म्या बघते." आणि बघितलीही त्यांनी. पण त्या दुपारचा राग मात्र माझ्या पोटात तसाच होता. तो कधी निवला नव्हता.

"चल की," व्हरांड्यात आत्याबाई म्हणाल्या. "गाडी जाईल."

"तुम्ही जा. मी बसते."

मी बाकावर बसले. मोजा हातात, बूट बाकाखाली.

"कशाला बसायलीस? डाक्टरनं सांगितलं की."

"डॉक्टरांनी बघितलंच नाही, सांगतील काय? तुकडा काढून तपासतात म्हणे. तो काढू देत. तोवर मी इथून हलत नाही."

नंबर पुकारणारी बाई आली. "ताई, तुमचं झालंय."

"माझं झालेलं नाही."

"सर पुन्हा बघत नाहीत."

"बघतील. मला घाई नाही."

माणसानं एकदा सीटवरून उठायचंच नाही असं ठरवलं की कंडक्टर, ड्रायव्हर, सगळी गाडी मिळूनही त्याचं काही करू शकत नाही, हे मी नोकरीत शिकले होते. फक्त आजवर मी उठवणाऱ्यांच्या बाजूला होते. बसणाऱ्यांच्या बाजूला किती बरं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

आत्याबाईंचा पारा चढला. व्हरांड्यातली सगळी माणसं ऐकत होती, त्याची त्यांना लाज वाटत होती. "येवढा मोठा डाक्टर खोटं बोलंल व्हय? त्याच्यापरीस तुला जास्ती कळतंय?"

"औषधातलं मला काही कळत नाही, आत्याबाई. पण काळ्यातलं कळतं. या इकडं."

मी त्यांचा हात धरला आणि लंगडत पायऱ्यांपाशी नेलं. तिथं ऊन होतं. त्यांना वरच्या पायरीवर बसवलं, मी खालच्या पायरीवर बसले आणि माझा डावा पाय उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

व्हरांड्यातली कुजबुज थांबली. सुनेनं सासूच्या मांडीवर पाय द्यायचा! एक म्हातारी 'अगं बाई' म्हणून उभीच राहिली. आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडात मारली होती.

"बघा," मी म्हणाले. "ओसरीवर बसून बघितला होतात ना? तसा बघा. मला जन्मभर काळी म्हणालात. माझा काळा रंग कसा आहे ते तुमच्याएवढं कुणी पारखलं नसेल. आता सांगा. हा काळा रंग माझा आहे का?"

मला वाटलं, पाय झटकून टाकतील. त्यांच्या हाताची बोटं तशी वळलीही होती. मग त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि डोळ्याला लावला.

डाग तोवर चांगला रुपयाएवढा झाला होता. मधे डांबरासारखा काळा, एका बाजूनं मातकट, दुसऱ्या बाजूनं निळसर राखी. कड तर कुठं सुरू होते आणि कुठं संपते तेच कळत नव्हतं, ओल्या फडक्यावर शाई सांडल्यासारखी. आत्याबाईंनी तो अंगठ्यानं दाबला, उन्हाकडं वळवला, पुन्हा दाबला. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"ह्यो तुझा रंग न्हाई," त्या म्हणाल्या.

एवढी वर्षं मी या बाईशी भांडले, पण माझ्या अंगाबद्दल ती पहिल्यांदाच काहीतरी माझ्या बाजूनं बोलत होती. मला बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. तोवर मी नुसती हट्टाला पेटले होते. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि तो डाग पहिल्यांदा खरा वाटला.

"येक सांगू का?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "बिब्बा घातला तवा ह्यो व्हता. मुगायेवढा. मला वाटलं, काटा मोडलाय आत. म्हणून तिथं तेल जास्त सोडलं म्या."

"काय?"

"मागून वाढाया लागला तवा मला वाटलं, म्याच केलं हे. माझ्या बिब्ब्यानं केलं. मघाशी त्यो म्हणला भाजल्याचा डाग हाय, जाईल, तवा असं हलकं वाटलं बघ. भाजल्याचं तर जातंच की."

"मग आत का बोलला नाहीत? आधीचा डाग आहे म्हणून?"

"भ्याले."

मला इतका संताप आला की पाय ओढून घ्यावासा वाटला. पण गयाबाई 'भ्याले' म्हणते हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. सगळी भाऊबंदकी अंगावर आली तरी ओट्यावर उभी राहून शिव्या घालणारी बाई ती. तिच्या हातात माझी टाच होती. ती मी तिथंच राहू दिली.

त्यांनी माझा पाय दोन्ही हातांनी उचलून हळूच पायरीवर ठेवला. उठल्या. नऊवारीचा ओचा घट्ट खोचला आणि कुणाला काही न विचारता सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

मी लंगडत मागं धावले. आत मघाचे गृहस्थ उघड्या पाठीनं बसलेले. त्यांनी घाईघाईनं शर्ट छातीशी धरला.

"आजी, अहो नंबर..."

"नंबर झालाय आमचा. आता आयकून घ्या. बिब्बा म्या घातला, ते खरं हाय. पर दोन्ही टाचांना घातला. उजवीची खपली धरून गेली, टाच कोरी हाय. डावीवरचा डाग बिब्ब्याच्या आधीचा हाय. म्या माझ्या डोळ्यानं बघितला व्हता. मघाशी लपवलं."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. समजूत घालायचा सूर लावला. "ठीक आहे. मग जन्मखूण असेल. असतात काहींच्या तळव्यावर. वयाबरोबर थोडी वाढते."

"जल्माची न्हाई."

"ते तुम्हाला कसं माहीत, आजी? त्यांच्या आईला विचारा."

"आईला काय इचारता? मला इचारा!" आत्याबाईंनी टेबलावर हात आपटला. "म्या हिला बघाया गेले व्हते. लोकं तोंड बघत्यात, म्या तळवे बघितले. पाय धुवाया लावला, मांडीवर घेतला, उन्हात धरला. ही पोरगी काळी व्हती. आमच्या भाऊबंदात कुणी घिईना असली काळी. पर तळवे असे व्हते, असे..." त्यांनी आपला तळहात डॉक्टरांच्या नाकासमोर उघडा धरला. "येक डाग नव्हता. तिळायेवढा बी न्हाई. टाच बी दाबून बघितली. तेवढं बघून करून घेतली म्या हिला. अन् तुमी मला सांगता जल्माची खूण?"

दार सताड उघडं होतं. व्हरांड्यातले झाडून सगळे पेशंट दारात जमले होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अपमानाची दुपार ही बाई भर दवाखान्यात ओरडून सांगत होती, साक्षीसारखी, आणि मी दाराला टेकून एका पायावर उभी होते. माझे कान तेव्हासारखेच तापले. पण मान खाली गेली नाही.

"रंग कुठला हिचा अन् कुठला नव्हं, ते म्या सांगते," आत्याबाई म्हणाल्या. "आता तुमी उठा अन् बघा. न्हाईतर आमी दोघी हितंच बसतो. ही कंडक्टर हाय. लई वेळ उभी राहू शकती."

उघड्या पाठीच्या गृहस्थांनी खुर्ची सोडली. "बघा हो डॉक्टर," ते म्हणाले, "माझं काय, नायटाच आहे."

डॉ. निमकर उठले. दिवा ओढला, भिंग घेतलं आणि खाली वाकून माझी टाच त्यांनी हातात धरली. ते बघत राहिले. मी त्यांच्या टक्कलाकडे बघत होते. त्यांनी डाग बघितला, कड बघितली, मग उजवी टाच बघितली, मग माझ्या जांघेत हात लावून गाठी आहेत का ते चाचपलं. सरळ झाले तेव्हा मघाचं हसू चेहऱ्यावर कुठं नव्हतं.

"तुकडा काढून पाठवू," ते म्हणाले. "तसं काही असेल असं मला वाटत नाही..."

"वाटून झालं तुमचं, डॉक्टर," मी म्हणाले. "आता तपासा."

तुकडा काढताना टाचेत सुई गेली तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली. आत्याबाईंनी माझा उजवा पाय घट्ट धरून ठेवला होता. तो कुणी धरायला सांगितला नव्हता.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत घेऊन दार लावलं. या वेळी ते बसले नाहीत. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, मेलानोमा. मी ते पुन्हा म्हणून घेतलं, कारण ज्याच्याशी भांडायचं त्याचं नाव नीट यावं असं मला वाटतं. गोऱ्यांत जास्त दिसणारा आजार तो, पण काळ्या-सावळ्या माणसाला गाठतो तेव्हा पुष्कळदा अशाच जागी, तळपायाला, तळहाताला, नखाखाली. ऊन नसतं तिथं. आणि तिथं कुणी बघत नाही म्हणून बहुतेकांना उशीर होतो.

"मी ज्या पुस्तकांवरून शिकलो," डॉक्टर म्हणाले, "त्यात सगळे फोटो गोऱ्या माणसांचे होते. गोऱ्या पाठी, गोऱ्या पोटऱ्या. असा पाय मी कधी पाहिलाच नव्हता."

"मी घेऊन आले होते, डॉक्टर," मी म्हणाले. "तुम्ही पाहिला नाहीत."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्यांनी स्वतः फोन केला, तारीख घेतली. टाचेचा मोठा भाग काढावा लागेल, मांडीची कातडी तिथं लावतील, जांघेतल्या गाठी तपासतील. गाठीत उतरला नसेल तर वाचाल. चालता येईल, पण दिवसभर उभं राहायची नोकरी जमेल की नाही सांगता येत नाही.

निघताना त्यांनी बिचकत विचारलं, टाचेचा फोटो काढू का? नव्या डॉक्टरांना दाखवायला.

आत्याबाईंनी ताबडतोब पिशवीत हात घातला आणि पावडरचा डबा काढला. "थांब, जरा तोंडाला लाव."

"पायाचा फोटो आहे, आत्याबाई."

"असंना का."

मी डबा त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत परत टाकला. "डॉक्टर, तोंडाचाही काढा."

"तोंडाचा नको, बाई. पेशंटची ओळख लपवावी लागते."

"लपवायला मी काय चोरी केलीय? नुसती टाच बघून त्यांना कसं कळणार ती कुठल्या रंगाच्या माणसाची आहे? काढा. बिनापावडरचा काढा."

त्यांनी काढला. माझी रीतसर परवानगी घेऊन ते अजून तो शिकाऊ डॉक्टरांना दाखवतात असं ऐकते. एका चित्रात टाच, शेजारी मी, गाल फुगवून कॅमेऱ्याकडे रागानं बघणारी. माझ्या लग्नाच्या फोटोपेक्षा तो चांगला आलाय.

ऑपरेशन झालं. गाठी साफ निघाल्या. जखम हळूहळू भरून येत होती, पण घरात एक नवंच दुखणं सुरू झालं होतं. आत्याबाई मला द्वारका म्हणायला लागल्या.

"द्वारका, दूध घेती का गं?" "द्वारका, उशी देऊ?" आवाज असा मऊ की अंगावर काटा यायचा. ज्या बाईनं बाळंतपणातसुद्धा मला 'काळे, लई कण्हू नको' म्हणून दटावलं, ती आता माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. नवरा म्हणायचा, आई सुधारली. मला तसं वाटत नव्हतं. पोरं झोपली की मी पडल्या पडल्या विचार करायची, डॉक्टर आपल्यापासून काही लपवत तर नाहीत? हिला काही वेगळं सांगितलंय का? मरणाऱ्या माणसाशीच लोक असं बोलतात. दर तपासणीला मी रिपोर्टच्या आधी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायची. डॉक्टर म्हणायचे उत्तम, आणि घरी आलं की पुन्हा ते 'द्वारका, दमलीस का गं?' मला त्या नावाची धास्ती बसली.

डेपो मॅनेजर भला माणूस. म्हणाला, जोगदंडबाई, चौकशीच्या खिडकीत बसा, लाईट ड्युटी देतो. मी म्हणाले, खिडकीत बसायला मी काय देवी आहे? जाड तळाचा बूट शिवून घेतला, मोठ्या डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि माझी घाटातली गाडी परत मागितली. तो नाही म्हणाला. मी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसून राहिले. त्यानं दुपारी सही केली.

पहिल्या दिवशी सकाळी आत्याबाई दारात उभ्या राहून नुसत्या माझ्या पायाकडे बघत होत्या. मीही वळून बघितलं नाही, कारण 'द्वारका, जपून जा गं' ऐकायची माझी ताकद नव्हती.

गाडी खचाखच भरली होती. टाच ठणकत होती, पण ती माझी होती आणि जागेवर होती. पुढं सरका, पुढं सरका, असं ओरडत मी दारापर्यंत आले. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मी बेलच्या दोरीला हात घातला, तोच सगळं स्टँड दणाणलं.

"ए काळे!"

चौकशीच्या खिडकीपासून रसवंतीपर्यंत सगळ्यांच्या माना वळल्या. फलाटावरून आत्याबाई पळत येत होत्या. डोक्यावरचा पदर मागं पडलेला, एका हातात चपला, दुसऱ्या हातात माझा डबा.

"काळे, डबा इसरलीस की! डोकं कुठं ठिवलंस, टाचंबरोबर कापून दिलंस का काय त्यांना?"

गाडीतले काही लोक हसले. एकजण मला म्हणाला, "काय हो ही म्हातारी, चारचौघांत असं बोलते!"

मी बेलची दोरी सोडली. इतके महिने रिपोर्ट, गाठी, सुया, कोणी काही म्हणो, मला खात्री वाटली नव्हती. ती त्या क्षणी वाटली. मी जगणार होते.

आत्याबाईंनी धापा टाकत डबा दारातून वर दिला. मी वाकून घेतला.

"किती ओरडता, आत्याबाई," मी म्हणाले. "सगळ्या स्टँडला कळलं मी काळी आहे ते."

"मग? हायेसच की," त्या म्हणाल्या. "जा आता. उशीर व्हायलाय."

मी दार ओढून घेतलं, दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवले आणि डबल बेल दिली.